नाव बदलून ‘सी’ची ‘सी++’ होत नाही

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सुरू झालं की कोल्हापुरात पोरांच्या मोबाइलवर सी आणि सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषांबद्दल एक मेसेज फिरतो: “थेट सी++ शिका. त्यात सी सगळी येते. सीचा कुठलाही प्रोग्राम फाइलचं नाव बदललं की सी++ मध्ये तसाच चालतो. सी आता थांबलेली भाषा आहे.” राजारामपुरीत मी शिकवतो, आणि दर बॅचला हे पक्कं धरून बसलेली पोरं भेटतात.

हा समज कुठून आला ते कळतं. आपल्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं टर्बो सी++ हे प्रोग्राम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर होतं. त्यात नवी फाइल सीपीपी, म्हणजे सी++ ची फाइल, म्हणूनच उघडायची. पोरं लिहायची सी, कंपाइल (मशीनच्या भाषेत रूपांतर) व्हायची सी++. लूप, बेरीज, प्रिंटएफ दोन्हीकडे सारखंच, त्यामुळं फरक कधी दिसलाच नाही.

“सी सगळी येते” हे पहिलं घेऊ. परवा एकीनं लिंक्ड लिस्टचा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या यादीचा, प्रोग्राम आणला. मेमरीत जागा देणाऱ्या मॅलॉकनं दिलेला पत्ता तिनं सरळ नोडच्या (यादीतल्या एका नोंदीच्या) पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता साठवायच्या जागेत, ठेवला होता. मॅलॉक व्हॉइड पॉइंटर, म्हणजे कशाचा ते न ठरलेला पत्ता, देतो. सी तो हव्या त्या पॉइंटरमध्ये बसवून घेते, सी++ कास्ट मागते, म्हणजे प्रकार बदलतोय हे उघड लिहायला लावते. शिवाय नव्या नोडचं नाव तिनं ‘न्यू’ ठेवलं होतं. सीमध्ये ते साधं नाव, सी++ मध्ये राखीव शब्द. सी++ मध्ये या दोन्ही जागी एरर.

आपल्या गावाचंच नाव घ्या. रोमन लिपीत कोल्हापूरची अक्षरं आठ. आठ जागांच्या कॅरेक्टर अ‍ॅरेमध्ये ते भरलं तर सी मुकाट्यानं घेते आणि मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य गाळते. सी++ नऊ जागा मागते. इथं मला सी++ चंच पटतं.

“तसाच चालतो” हे मात्र जास्त घातक आहे, कारण एरर आली तर निदान कळतं तरी. एकेरी अवतरणात ‘ए’ लिहून त्याचा साइझऑफ, म्हणजे बाइटमधला आकार, छापा. सीमध्ये ते अक्षर इंट (पूर्णांक) असतं, म्हणून आजच्या लॅपटॉपवर ४ येतात, जुन्या टर्बोवर सीची फाइल असेल तर २. सी++ मध्ये ते कॅर (अक्षर) असतं, उत्तर १. तोच प्रोग्राम, एकही वॉर्निंग नाही. या आकड्यावरून कुणी सिरीयल पोर्टवर पाठवायच्या बाइट मोजत असेल, तर समोरच्या मशीनला चुकीचा डेटा जाणार.

“थांबलेली भाषा” हेही खोटं. बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सीवरून काम सुरू केलं, १९८३ मध्ये सी++ हे नाव आलं. त्यानंतरही सी आपल्या वाटेनं वाढली. १९९९ च्या प्रमाणात (भाषेच्या अधिकृत नियमावलीत) चालू प्रोग्राममध्ये लांबी ठरणारे अ‍ॅरे आणि पॉइंटरसाठीचा ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द आले. सी++ च्या प्रमाणात ते आजही नाहीत. काही कंपायलर स्वतःहून चालवून घेतात, आणि पोरं त्यालाच नियम समजतात.

शिरोली एमआयडीसीत एका कंट्रोलरचा जुना सी कोड सी++ च्या नव्या प्रोग्रामला जोडायचा होता. जोडताना लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामला) फंक्शनच सापडेनात, कारण सी++ फंक्शनच्या नावात पॅरामीटरचे प्रकारही गुंफते आणि सी तसं करत नाही. मी सीच्या फाइलींना हात लावला नाही. हेडरमध्ये (फंक्शनची ओळख देणाऱ्या फाइलीत) फक्त सी++ साठी ‘एक्स्टर्न सी’चा, म्हणजे ‘ही नावं सीसारखीच ठेव’ असं सांगणारा, कंस घातला, सीच्या फाइली सीच्याच कंपायलरनं बांधल्या, आणि लिंकरला सगळी फंक्शनं सापडली.