एसटीपीचं विरजण

परवा भाच्याबरोबर इंदूरच्या कबीटखेडीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बघायला गेले. त्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी फोटो हवे होते. शेवटच्या टाकीपाशी तो म्हणाला, "मावशी, अगदी नळाचं वाटतंय गं!" वाटतं खरं. इंदूरकर म्हणून छातीही फुगते. 2021 मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीनाल्यात न सोडणारं, आपलंच. पण मी वीसेक वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चर लावतेय, त्यामुळे पाणी दिसतं कसं यावर माझा फारसा भरवसा नाही.

आमचं काम असं: पेशंटच्या लघवीतले जंतू प्लेटवर पसरायचे, वर अँटिबायोटिक लावलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळा गोल उमटतो, तो पट्टीने मोजायचा. मी कामाला लागले तेव्हा ई. कोलायच्या (आतड्यात राहणारा जंतू, लघवीच्या इन्फेक्शनचं नेहमीचं कारण) प्लेटवर सिप्रोचा, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा, गोल बरेचदा ऐसपैस असायचा. आता जंतू चकतीला खेटून बसलेले दिसतात, पंगतीत जागा धरल्यासारखे. रिपोर्टवर आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट. गेल्या महिन्यात तो रिपोर्ट माझ्या सासूबाईंचा होता. वय 74, आयुष्यात कधी अ‍ॅडमिट झालेल्या नाहीत. शेवटी सात दिवस शिरेतून इंजेक्शनं.

त्यांच्या पोटात असले जंतू आले कुठून, ते मला सांगता येणार नाही. पण अशा जंतूंची ओळखपाळख कुठे होते ते ठाऊक आहे. अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक घेतलं की त्यातलं निम्म्याहून जास्त जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. ते गटारात, गटारातून एसटीपीत. आणि एसटीपी चालतो जंतूंच्याच जिवावर. टाकीत हवा सोडून त्यांना पोसायचं, त्यांनी घाण खायची, मग गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं आणि बराचसा गाळ पुढच्या पाण्यासाठी राखायचा, घरी विरजण राखतो तसा. कबीटखेडीचा मोठा प्लांट दिवसाला 24.5 कोटी लिटरचा आहे. इतक्या पाण्यात घराघरांतले, हॉस्पिटलांतले जंतू दाटीवाटीने, आणि सोबत औषधाचा अंश. प्लास्मिड म्हणून डीएनएचं एक छोटं कडं असतं, त्यावर एकाच वेळी चार-पाच औषधांपासून बचावाची सोय असू शकते. जंतू ते शेजाऱ्याला देतो, तेही जातगोत न बघता, ई. कोलायचं क्लेब्सिएला या दुसऱ्या जातीच्या जंतूला चालतं.

क्लोरीनने बरेच जंतू मरतात, पण मेलेल्याचा डीएनए, त्या कड्यांसकट, पाण्यात उरू शकतो. सिप्रोसारखी औषधं तर गाळालाच चिकटतात. म्हणजे पाणी नितळ, आणि औषध त्या गाळात, ज्याचं पुढे खत होतं.

परदेशी शास्त्रज्ञांनी हैदराबादजवळच्या पटनचेरूचं पाणी तपासून 2007 मध्ये निष्कर्ष छापले होते. तिथे औषध कंपन्यांचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आहे. त्यातून 'शुद्ध' होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो निघालं. उपचार चालू असलेल्या पेशंटच्या रक्तातही इतकं नसतं. हैदराबाद लांब आहे म्हणून निवांत बसायचं कारण नाही. आपल्याकडे मेडिकल स्टोअर आहेत. "भिया, दो दिन की दे दो" म्हटलं की गोळ्या हातात. अनेक अँटिबायोटिक 2014 पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, विकलेल्याची नोंद ठेवायची. ते रजिस्टर कोणी उघडून बघतं का?

कोणी म्हणेल, मग एसटीपी बंद करायचे का? वेडेपणा होईल. ते नसतील तर सगळं कच्चंच कान्ह नदीमध्ये, तिथून उज्जैनच्या क्षिप्रेत. जंतू ते पुष्कळ कमी करतात. माझं भांडण मोजमापाशी आहे. बीओडी, सीओडी (पाण्यात घाण किती उरली त्याची मापं) आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) मोजतात. कोलिफॉर्मच्या आकड्यावरून जंतू किती ते कळतं, त्यातले किती जण औषधाला दाद देत नाहीत ते नाही.

आणि हे मोजणं काही रॉकेट उडवणं नाही. डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) 2021 मध्ये 'ट्रायसायकल' नावाची पद्धत छापली. पाण्याचा तोच नमुना दोन प्लेटांवर लावायचा, एक साधी, दुसऱ्यात सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक. दोन्हीकडचे ई. कोलाय मोजायचे. दुसऱ्या प्लेटवर जे वाढले ते खरंच रेझिस्टंट आहेत ना याची पुढे खात्री करून घ्यायची, बस. आमच्यासारख्या लॅबमध्ये हे रोजचं काम आहे. प्लांटमध्ये येणारं पाणी, बाहेर पडणारं पाणी आणि कान्हची पुढची एखादी जागा, एवढं महिन्यातून एकदा केलं तरी 2028 च्या सिंहस्थापर्यंत आपल्याकडे काहीतरी आकडे असतील. उज्जैनला डुबकी मारणाऱ्यांनाही ते बघायला मिळावेत.

हो, आणि इंजेक्शनं संपल्यावर सासूबाईंचा औषधांचा डबा उघडला. पार्लेजीचा जुना डबा. आत अर्ध्या-अर्ध्या पट्ट्या, अझिथ्रो, सिप्रो, एक तर 2019 सालची. "बरं वाटलं की ठेवून देते गं, वाया कशाला घालवायच्या?" लॅबमध्ये काम करणाऱ्या सुनेच्या घरात हे! सगळ्या कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या डब्यात गेल्या, सिंकमध्ये नाही.

नगर निगमात कोणाची ओळख असेल तर इथे टॅग करा. सुरुवातीच्या प्लेटा मी रविवारी लावून देईन, पैसे नकोत.