निम्म्या दरातले ॲसिड

आज आमच्या कोपऱ्यावरच्या पार्लरबाहेर नवी पाटी लागलेली पाहिली: 'लग्नसराई विशेष! ॲसिड पील, अर्ध्या तासात उजळ त्वचा, निम्म्या दरात.' पील म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणे; पण कोणते ॲसिड, किती टक्क्यांचे, याचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. मला भाचीचे लग्न आठवले आणि तिथेच डोके भडकले.

तिच्या हळदीला नऊ दिवस उरले असताना अशाच एका पार्लरमध्ये तिच्या चेहऱ्यावर ग्लायकोलिक ॲसिड लावले गेले. 'उसातले आहे, नैसर्गिक आहे,' असे तिला सांगण्यात आले. उसात ते असते हे खरे; पण फळांत-उसात सापडणाऱ्या या जातीच्या (अल्फा हायड्रॉक्सी) ॲसिडांत त्याचा रेणू सर्वांत लहान असल्यामुळे ते त्वचेत झपाट्याने शिरते आणि पीलसाठीचे तीव्र द्रावण असेल, तर ठरलेल्या मिनिटाला सोड्याच्या पाण्याने त्याला थांबवावेच लागते. ते लावणारी मुलगी मात्र मधेच दुसऱ्या बाईंच्या भुवया कोरायला निघून गेली. भाचीने दोनदा सांगितले की जळते आहे. उत्तर आले, 'म्हणजे काम करतंय.'

माझे ॲसिडांशी वैर नाही. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळते, म्हणून तेलाने बुजलेल्या रंध्रांत शिरून मुरमांवर काम करते. दोन टक्क्यांचा फेसवॉश मी स्वतः वापरते. मँडेलिकचा रेणू मोठा, त्यामुळे ते सावकाश मुरते आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला बहुधा सोसते. ॲझेलाइक ॲसिड मुरमांवर आणि त्यांच्या मागे राहणाऱ्या डागांवरही देतात. ट्रायक्लोरोॲसेटिक मात्र त्वचेतली प्रथिने गोठवून तिच्यावर पांढरा थर आणते. ते त्वचारोगतज्ज्ञाच्याच हाती असावे. गंमत म्हणजे हायलुरॉनिक ॲसिड काहीच सोलत नाही, नुसते पाणी धरून ठेवते, तरी आमच्या भिशीतल्या बायका त्या नावाला घाबरतात आणि घरी गालांवर बिनदिक्कत लिंबू चोळतात!

सावळ्या त्वचेची अडचण अशी की तिला इजा झाली की रंग देणाऱ्या पेशी चवताळतात आणि भाजलेली जागा काळवंडते. भाचीच्या डाव्या गालावर रुपयाएवढे दोन डाग उमटले. हळदीच्या दिवशी सगळ्यांनी तिला जपून, उजव्या गालालाच हळद लावली. डाग फिके व्हायला आठ महिने लागले आणि तेवढे दिवस ती सनस्क्रीन लावल्याशिवाय गॅलरीतही आली नाही.

त्वचारोगतज्ज्ञाची फी सगळ्यांना परवडत नाही, हे मान्य. काही पार्लरवाल्या नीट शिकलेल्या असतात, हेही मान्य.

त्या मुलीवर आता माझा राग उरलेला नाही. विशीतली पोर होती. मालकिणीने बाटली हातात दिली, घड्याळाकडे पाहायला कोणी शिकवले नाही. खरे सांगायचे, तर भाची जायला तयारच नव्हती. 'कर गं, लग्नात जरा उजळ दिसशील,' असे म्हणून तिला पाठवणारी मीच होते. एवढी वर्षे हे मी बहिणीलाही सांगितलेले नाही.

म्हणून आज त्या पाटीखालून सरळ आत गेले आणि काउंटरवरच्या मुलीला विचारले, यात कोणते ॲसिड आहे आणि किती टक्के? तिने बिचारीने बाटली उचलून चारही बाजूंनी फिरवून पाहिली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत फक्त 'ग्लो' एवढेच छापलेले होते.