फाटकाचा आकडा

कापूस वेचून घरी आला की भाव चढण्याची वाट पाहत तो महिनोन्महिने घरातच भरून ठेवायचा, ही वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावाची रीत. आणि घरात कापूस असताना फाटकाला नुसते कुलूप लावणे हा अडाणीपणा, असे नागपुरात नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचे मत. त्या मतापायी फाटकाला मोटर बसली आणि बाहेरच्या खांबावर अंकांच्या बटणांचा बिनतारी कीपॅड आला. त्यावर चार अंकी आकडा दाबला की रेडिओलहरींवरून मोटरीला निरोप जातो आणि फाटक सरकते. हा निरोप दर वेळी निराळ्या सांकेतिक रूपात जात असल्याने चोराने तो हवेतून टिपला, तरी दुसऱ्यांदा त्याच्या कामाचा नाही, हे भावाने मोठ्या अभिमानाने सांगितले.

हवेतून टिपण्याचे कष्ट आमच्या गावात कोणाला पडत नाहीत, कारण मोठी आई ओसरीवरूनच सालदाराला आकडा ओरडून सांगते. तो बदलावा, तर संध्याकाळी पानठेल्यावर दूधवाला सर्वांदेखत विचारतो, "आमच्यापासूनही लपवता का जी?" यावर आकडा सांगण्यावाचून गत्यंतर नसते.

गणिताने पाहिले तर चार अंकांचे 10,000 आकडे होतात. परंतु मातीच्या बोटांनी रोजची चार बटणे तेवढी मळतात, आणि कोणती चार ते कळले की शक्यता उरतात अवघ्या 24. त्यातला एक अंक दोनदा घेतला तर मळतात तीनच बटणे, मात्र शक्यता 36 होतात. म्हणजे कमी बटणांत जास्त सुरक्षितता. हे मी मोठ्या आईला कागदावर मांडून दाखवले. ती म्हणाली, "तीन बटनांत भागते तं चौथ्यांदा काहून दाबायचं, बाप्पा?"

बैलांचा प्रश्न निराळाच आहे. संध्याकाळी शेतातून परतलेली जोडी फाटकाशी थांबते, त्यातला एक जण खांबाला मान घासतो, कीपॅड त्याचे घासणे चुकीचे आकडे म्हणून मोजतो आणि चोरीचा संशय घेऊन काही काळ सगळ्यांचीच बोलती बंद करतो. मग सालदार, बैल आणि घरमालक असे आम्ही तिघेही संशयित म्हणून रस्त्यावर उभे राहतो.

लोडशेडिंगमध्ये तर कीपॅड विशेष निष्ठेने वागतो. त्याच्या पोटात स्वतःचे सेल असल्याने तो आकडा ओळखतो, हिरवा दिवा लावतो, निरोपही धाडतो; फक्त तो घ्यायला मोटर जागी नसते, कारण बिनतारी आहे तो निरोप, मोटरीला तार लागतेच. अशा वेळी मोटर सोडवून फाटक हाताने ढकलण्यासाठी कंपनीने एक चावी दिली आहे. मोटर फाटकाच्या आतल्या बाजूला असल्यामुळे ती चावी घेऊन कोणीतरी आत जावे लागते, आणि ते काम सालदाराकडे आहे. तो कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारून जातो. त्याचे पाय कापू नयेत म्हणून चोरांसाठी वडिलांनी भिंतीवर बसवलेल्या काचा मी नुकत्याच काढून घेतल्या.