मॉकिंगबर्ड हार्पर लीनंच लिहिलंय, कपोटीनं नाही

'टू किल अ मॉकिंगबर्ड खरं तर ट्रुमन कपोटीनं लिहिलं, हार्पर लीचं फक्त नाव' हा मेसेज परत फिरतोय. मॉकिंगबर्ड ही गाजलेली अमेरिकन कादंबरी, ली आणि कपोटी दोघंही अमेरिकन लेखक. कारणं तीन: दोघं बालमित्र, कपोटी आधीच फेमस, आणि लीनं नंतर काही लिहिलं नाही. वाचून खरंच संताप येतो.

बालमित्र होते, बरोबर. अलाबामातल्या मनरोव्हिलमध्ये शेजारी राहायचे, कादंबरीतला डिल नावाचा पोरगा कपोटीवरूनच घेतलाय. पण कपोटीनंही १९४८ च्या आपल्या पहिल्या कादंबरीत लीवरून आयडाबेल नावाची पोरगी उभी केली होती, मग ती कादंबरी लीची म्हणायची का?

फेमस होता, तेही खरं. पण ९ जुलै १९५९ ला, म्हणजे मॉकिंगबर्ड यायच्या वर्षभर आधी, त्यानं आपल्या मावशीला पत्र लिहिलंय की हो, नेलचं पुस्तक येतंय, तिनं लिहून झालेला भाग मला दाखवला होता, मला खूप आवडला, पोरीत खरी गुणवत्ता आहे. नेल म्हणजे लीच. स्वतः लिहिलेल्या पुस्तकाबद्दल घरच्या माणसाला कोण असं लिहील? पुस्तकावर घाम गाळून घेतला तो संपादक टे होहॉफ बाईंनी, लीकडून दोनेक वर्षं परत परत लिहून घेतलं. आधीचा खर्डा २०१५ मध्ये वेगळं पुस्तक म्हणून आलाच, तेच गाव, मॉकिंगबर्डमधलं तेच फिंच कुटुंब.

नंतर कादंबरी लिहिली नाही म्हणून आधीचीही तिची नाही, हे तर लॉजिकच नाही. आणि १९६१ चं पुलित्झर, अमेरिकेतलं मानाचं बक्षीस, या पुस्तकाला मिळालं, कपोटीला ते कधीच मिळालं नाही, कौतुकाचा एवढा भुकेला माणूस १९८४ ला मरेपर्यंत चारचौघांत एकदाही बोलला नसता?

उलट मदत झाली ती दुसऱ्या बाजूनं, आणि मेसेजमध्ये नेमकं हेच नाही. नोव्हेंबर १९५९ मध्ये कॅन्ससच्या होलकम्बमध्ये क्लटर कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, डिसेंबरात कपोटी त्यावर लिहायला तिकडे गेला तेव्हा ली सोबत होती. त्याचा बारीक आवाज, तऱ्हेवाईक कपडे, गावातली माणसं बिचकायची, लीशी मात्र मोकळं बोलायची. समोर वही काढायची नाही, दिवसभर ऐकायचं आणि रात्री हॉटेलवर येऊन आठवून लिहायचं. तिची अशी दीडशेच्या आसपास टाइप केलेली पानं झाली, ती कपोटीच्या कागदपत्रांत आजही आहेत. त्यावर उभ्या राहिलेल्या 'इन कोल्ड ब्लड' या कपोटीच्या पुस्तकात तिच्या वाट्याला काय आलं, तर अर्पणपत्रिकेत कपोटीचा जोडीदार जॅक डनफी याच्यासोबत नाव.