तिच्यावर फक्त 'नवीन' लिहिलंय

सांगा बरं, बोटीतल्या डिझेलच्या टाकीमागे आडवं पडून, टेप फाडून, पेन शोधून ज्या माणसाने वायरीला लेबल लावायचे कष्ट घेतले, त्याने त्यावर लिहावं काय? तर 'नवीन'. अख्ख्या बोटीत लेबल असलेली ही एकच वायर, आणि तिची ओळख काय, तर नवीन! लेबल पिवळं पडलंय, अक्षरं डिझेलने फिसकटलीत, वेष्टण कडक होऊन तडकलंय. पण बाई अजून नवीनच.

ही निदान नाव असलेली. हिच्या शेजारून आणखी चार जातात आणि चौघींचा रंग एकच, डिझेल, वंगण आणि वर्षानुवर्षांची धूळ मिळून जो होतो तो. गुलाबी ती सेन्डरची, म्हणजे टाकीतली पातळी गेजला कळवणाऱ्या यंत्राची, हिरवी ती अर्थिंगची, हे कागदावर वाचायला छान असतं. इथे सगळ्या मळखाऊ.

तर आज सकाळी ठरवलं, यातल्या मेलेल्या तरी काढून टाकू. मल्टिमीटर लावला. एकीवर शून्य. हलवून पाहिली, शून्य. चावी बंद आहे हे मला दिसत होतं, फक्त डोक्यात शिरत नव्हतं. म्हटलं, डिझेल इंजिन आहे, स्पार्क लागत नाही, बंद करायला ओढायची मूठ आहे, मग टाकीपाशी विजेचं कामच काय? पकड घेतली, कट्. तुकडा ओढून काढला, कचऱ्यात टाकला आणि वर स्वतःची पाठ थोपटली.

इंजिन एका सेल्फमध्ये लागलं. चार मिनिटं गोड चाललं. मग आवाज वरखाली, एक उचकी, दुसरी उचकी, गप्प.

एअर धरली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, दुसरं काय! पाणी अडवणाऱ्या फिल्टरचा कप पाहिला, स्वच्छ. तरी फिल्टर बदलला, कारण उघडलाच आहे तर. एअर काढायचा स्क्रू सैल केला आणि हँड पंप मारायला बसलो. हा लिव्हर अंगठ्याएवढा, आणि बसवलाय अशा सांदीत की त्याला दोन बोटांनी गुदगुल्याच करता येतात. दोनशे वेळा केल्या. आधी थोडा फेस आला, मग नुसतं फुस्स, मग तेही बंद. पायात गोळा आला. कोपराचं साल गेलं. फिल्टरकडे येणारी नळी सोडली, तर तिच्यातूनही थेंब नाही. म्हणजे टाकीतच गाळ! डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढून तो काळा चिकट लगदा होतो ना, तो माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागला. टाकीचं झाकण खोलायला घेतलं. सोळा स्क्रू. अकराव्याची खाच गेली.

त्या खाचेत नीट पाहावं म्हणून टॉर्च आत घातला, तेव्हा फळीच्या आड पितळेचं काहीतरी चमकलं. थेट डिझेलच्या नळीवर बसवलेलं. त्याच्या डोक्यातून दोन वायरी निघालेल्या आणि त्यातली एक वीतभर अंतरावर कापलेली. ताजी, लखलखीत, माझ्याच पकडीने.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह. चावी फिरवली की उघडणार, वीज गेली की बंद. चार मिनिटं इंजिन चाललं ते नळीत आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर. पुढचे तीन तास मी बंद दारावर डोकं आपटत होतो, आणि दार लावणारा मीच.

कचऱ्यातून तुकडा काढला, चिंधीने पुसला. क्लिपेखाली झाकलेली बोटभर जागा जांभळी निघाली. जांभळी! अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रंगसंकेतात जांभळी म्हणजे चावीनंतर जिवंत होणारी. मला पाठ आहे. मी लोकांना न विचारता ऐकवतोसुद्धा. या बोटीवर आजवर एकच माणूस नियमाने वागला होता आणि मी नेमकं त्याचंच काम कापलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पण म्हणून बाकीच्यांना मी सोडणार नाही. वायर न सोलता दाबून बसवायच्या त्या निळ्या क्लिपा ज्याने इथे लावल्या, त्याच्या स्वप्नात त्या रोज रात्री याव्यात. खारी हवा आत शिरते आणि तांबं पार काळं होतं. डिझेल ओतताना स्थिर वीज साठू नये म्हणून वरच्या तोंडापासून टाकीपर्यंत जी हिरवी वायर असते, ती इथे नाहीच. हिरवी आहे, पण बोटीच्या तळाचं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला. तिच्यात १२ व्होल्ट खेळतात! आणि गेज? सेन्डर १० ते १८० ओहमचा, गेज २४० ते ३३ चं, म्हणजे दोघांची दिशाच उलटी. टाकी भरली की काटा झोपतो, रिकामी होत आली की उठून फुल्लकडे निघतो. या काट्यावर विश्वास ठेवून मी एकदा भर पाण्यात थांबलोय, तो विषय नको.

आणि 'सगळं उपट आणि नव्याने वायरिंग कर' म्हणणारे, कृपया नको. तुम्ही कधी या टाकीमागे हात घातलाय?

जोड दिला, चावी फिरवली. फळीमागून 'टक्'. एवढासा आवाज, पण मी चावी उगाचच आणखी तीन वेळा फिरवली. एअर काढली, इंजिन लागलं.

मग त्या 'नवीन'च्या मागे लागलो. या वेळी चावी चालू ठेवून, काहीही न कापता, इंचाइंचाने. एक टोक पॅनेलच्या खाली निघालं, नीट वेटोळं करून टेप मारलेलं. दुसरं टाकीमागे, तसंच वेटोळं, तसाच टेप. कशालाही जोडलेली नाही. कधी जोडलेलीच नव्हती. खरंच नवीन आहे.