"केवळ खबरदारीचा उपाय म्हणून" हे शब्द आधी काढून टाका

माझी लेक तीन वर्षांची आहे. तिच्या उशाशी एक सशाच्या आकाराचा दिवा असायचा, डोक्यावर थोपटलं की लागायचा, पुन्हा थोपटलं की विझायचा, म्हणून तिचा फार लाडका. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी जुने मेल डिलीट करत बसले होते तर त्या दिव्याच्या कंपनीचा मेल सापडला, पाच आठवडे जुना, सेल आणि डिस्काउंटच्या मेलांच्या ढिगात पडलेला. विषय होता, "तुमच्या खरेदीविषयी थोडी माहिती". पहिले दोन परिच्छेद कंपनीला ग्राहकांची किती काळजी आहे त्याबद्दल. तिसऱ्यात मग हळूच लिहिलं होतं की क्वचित प्रसंगी बॅटरीचं झाकण सैल होऊ शकतं, आजवर कुठेही अपघात झालेला नाही, तरी केवळ खबरदारीचा उपाय म्हणून आम्ही स्वेच्छेने हे प्रॉडक्ट परत घेत आहोत.

उठले, तिच्या खोलीत गेले, ससा उलटा केला आणि मोबाईलचा टॉर्च मारून तळाचा बॅच नंबर वाचला. तोच निघाला. स्क्रू जागेवर दिसत होता पण त्याची आटी गेली होती, नुसता भोकात बसलेला. अंगठ्याचं नख घातलं तर झाकण निघालं आणि तीन बटन सेल माझ्या तळहातावर पडले. रुपयाच्या नाण्याएवढे, चकचकीत, लहान मुलाने हमखास तोंडात घालावेत असे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यात त्यातून करंट वाहायला लागतो, अल्कली तयार होतं आणि दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजू शकतं. दिवा लागत नाही म्हणजे सेल संपला, आता भीती नाही, असंही नसतं. आणि मूल काय करतं, तर लाळ गाळतं, खोकतं, जेवत नाही, आईबापांना वाटतं सर्दी झाली असेल. त्यामुळे पाच आठवडे हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

मी इथे नेदरलँड्समध्ये एका छोट्या इंपोर्टरकडे क्वालिटीचं काम बघते, घरगुती वस्तू आणि लहान मुलांच्या खोलीतलं सामान आम्ही बाहेरून आणतो. म्हणजे रिकॉलचा, विकलेला माल परत मागवायचा, मेल लिहायला बसलेल्या माणसाच्या बाजूनेही मला हा प्रकार माहीत आहे, आणि म्हणूनच तो मेल वाचून इतका राग आला, कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य ठरवून मऊ केलेलं होतं आणि युरोपच्या नियमात नेमकं तेच करू नका म्हणून लिहिलंय.

१३ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये जनरल प्रॉडक्ट सेफ्टी रेग्युलेशन लागू झालंय, नंबर २०२३/९८८, आधीच्या २००१ च्या डायरेक्टिव्हच्या जागी. त्याचं कलम ३६ मी ऑफिसच्या भिंतीवर लावलंय. रिकॉल नोटीसच्या डोक्यावर स्पष्ट "प्रॉडक्ट सेफ्टी रिकॉल" असंच लिहायचं. वस्तूचा फोटो, नाव, ब्रँड, बॅच किंवा सिरीयल नंबर आणि तो नंबर वस्तूवर कुठे सापडेल ते. धोका काय आहे ते साध्या शब्दांत. आणि वापर ताबडतोब थांबवा हे. पुढची ओळ मला सगळ्यात जास्त आवडते, वाचणाऱ्याला धोका कमी वाटेल असं काहीही लिहायचं नाही, "स्वेच्छेने", "खबरदारी म्हणून", "क्वचित प्रसंगी" असले शब्द नाहीत, अजून अपघाताची नोंद नाही हेसुद्धा नाही. युरोपियन कमिशनने २०२४ मध्येच नोटीसचा तयार नमुना दिलाय, नुसता भरायचा असतो!

आपल्याकडे गाड्यांच्या बातम्या आठवा. "खबरदारीचा उपाय म्हणून कंपनीने इतक्या गाड्या परत मागवल्या" हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की त्याचा अर्थच आपल्या कानाला "काळजी करू नका" असा झालाय. घाईत असलेल्या आईने "क्वचित प्रसंगी" वाचलं की ती मनात म्हणते, आपला तर नीट चाललाय, बघू वीकेंडला. तो वीकेंड मग येतच नाही. हा तिचा निष्काळजीपणा नाही, त्या शब्दांनीच तिला तसं सांगितलेलं असतं.

आता कंपन्यांचं म्हणणं काय असतं तेही सांगते, कारण मी ते मीटिंगमध्ये समोर बसून ऐकलंय. इतकं कडक लिहिलं तर लोक घाबरतील, ब्रँडचं नाव जाईल, वकील म्हणतात शब्द जपून वापरा. छोट्या कंपनीत तर मालकाच्या चेहऱ्यावर दिसतं की हे वर्ष गेलं. ती भीती खोटी नाही, रिकॉल खरंच महाग असतो. पण दुकानातला माल शेल्फवरून काढणं वेगळं आणि लोकांच्या घरात गेलेला माल परत आणणं वेगळं. पहिलं एका ईमेलने होतं. दुसऱ्यासाठी कुणाला तरी स्वयंपाक सोडून, मुलाच्या हातातली वस्तू काढून घेऊन, नंबर वाचायला बसवावं लागतं, आणि गुळमुळीत मेल वाचून कुणीही उठत नाही.

शब्द मऊ केले की काय होतं याचं मोठं उदाहरण इथलंच आहे. ब्रिटन अजून युनियनमध्ये असतानाची गोष्ट. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हर्लपूलने सांगितलं की हॉटपॉइंट, इंडेसिट वगैरे नावांनी विकलेल्या, कपडे वाळवायच्या लाखो ड्रायरमध्ये कपड्यांचं तूस हीटरपर्यंत जाऊन पेट घेऊ शकतं. रिकॉल केला नाही, इंजिनियर येऊन दुरुस्त करतील म्हणाले, तोवर वापरा, फक्त चालू ठेवून बाहेर जाऊ नका किंवा झोपू नका. इंजिनियरची वाट बघण्यात लोकांचे महिनेच्या महिने गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या एका उंच इमारतीत फ्लॅट पेटला, आग इंडेसिटच्या ड्रायरपासून लागली होती. प्लग काढून ठेवा हा सल्ला यायला २०१७ चा फेब्रुवारी उजाडला आणि खरा रिकॉल २०१९ च्या जुलैमध्ये. जवळजवळ चार वर्षं! "वापरा पण लक्ष ठेवा" म्हणजे जोखीम कंपनीच्या डोक्यावरून उचलून घरातल्या बाईच्या डोक्यावर ठेवणं, दुसरं काही नाही.

बरं, माझ्या सशाचं पुढे काय झालं. मेलमध्ये लिहिलं होतं, स्वतःच्या खर्चाने पार्सल पाठवा, मिळाल्यावर पुढच्या खरेदीसाठी कूपन देऊ. कलम ३७ म्हणतं की दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत यातले किमान दोन पर्याय ग्राहकासमोर ठेवायचे (अगदीच अशक्य किंवा अवाजवी खर्चाचं असेल तरच एक), पैसे परत म्हणजे निदान भरलेली किंमत तरी, आणि परत पाठवायचा खर्च ग्राहकाचा नाही. मोठी जड वस्तू असेल तर न्यायची व्यवस्था कंपनीने करायची. मी कलम नंबर घालून मेल केला आणि दोन दिवसांत पूर्ण पैसे आले. ज्यांना कलम नंबर माहीत नाही त्यांचं काय, एवढंच मी त्यांना परत विचारलं, उत्तर आलेलं नाही.

मागच्या वर्षी आमच्यावरही वेळ आली. एका लाकडी खेळण्याची चाकं निघत होती आणि निघालेली खुंटी लहान मुलाच्या घशात अडकण्याएवढी होती. मालकांना मी म्हटलं, आज संध्याकाळपर्यंत सरकारी पोर्टलवर टाकू आणि उद्या सकाळी लोकांना कळवायला लागू. ते दहा मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, कर. त्या "कर"साठी मला त्यांचा आजही आदर वाटतो.

ऑनलाइन ऑर्डरींचे पत्ते आमच्याकडे होते, दुकानांकडे लॉयल्टी कार्डचा डेटा होता. आपल्याकडे ग्राहकाचा संपर्क असेल तर त्याला थेट कळवायचंच, नुसतं वेबसाइटवर टाकून मोकळं व्हायचं नाही, असं नियमच सांगतो. प्रायव्हसीचं कारण पुष्कळजण पुढे करतात, पण सेफ्टीसाठी तो डेटा वापरायचाच असतो, फक्त त्याच यादीवर नंतर जाहिराती पाठवायच्या नाहीत. ज्यांचा पत्ता नव्हता त्यांच्यासाठी दुकानाच्या कॅशपाशी फोटोसकट कागद लावला. मेलला ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना मी आणि माझी सहकारी फोन करत बसलो. एक आजी म्हणाल्या, अगं ते तर मी नातवाचं झाल्यावर चर्चच्या सेलमध्ये देऊन टाकलं. मग त्यांनीच चर्चमध्ये फोन केला, तिथल्या बाईंनी वहीत बघून घेणाऱ्या घराला कळवलं, आणि चार दिवसांनी ते खेळणं एका बुटाच्या खोक्यात आमच्याकडे आलं, एक चाक आधीच निघालेलं. ही नोटीस इतरांना पाठवा असं लोकांना सांगायला नियमात लिहिलंय ते ह्याचसाठी, वस्तू विकत घेणाऱ्याच्या घरातच राहते असं थोडंच आहे.

आपल्याकडचे बरेच जण ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून युरोपात खेळणी, दिवे, शोभेच्या वस्तू विकतात, मला इनबॉक्समध्ये विचारतात की युरोपातला जबाबदार माणूस (मालाच्या सुरक्षिततेसाठी तिथे उत्तर देणारा) नेमायचा कायदा आलाय तर स्वस्तात कुणी नाव देईल का. नाव देणारे मिळतात हो. पण त्याला विचारा की उद्या माझ्या मालात दोष निघाला तर तू पहिल्या दिवशी काय करशील, आणि स्वतःलाही विचारा की कुठली बॅच कुठल्या ऑर्डरमध्ये गेली हे मला सांगता येईल का. बॅच नंबर छापायला फारसे पैसे पडत नाहीत. तो नसेल तर दहा दिव्यांसाठी हजार परत मागवावे लागतात.

आणि युरोपात राहणाऱ्यांनो, आज मेलबॉक्समध्ये "रिकॉल" आणि तुमच्या देशाच्या भाषेतला त्याचा शब्द टाकून एकदा सर्च करा, प्रमोशनच्या फोल्डरमध्येसुद्धा. सेफ्टी गेट, म्हणजे धोकादायक वस्तूंची युनियनची यादी, तिची साइट सगळ्यांसाठी खुली आहे, वस्तूचं नाव टाकून तिथे बघता येतं.

आमच्या यादीतली अजून एकोणीस खेळणी परत यायची आहेत. सोमवारी पुन्हा फोन करायला बसणार आहोत.