दिव्यांग हक्क कायदा गोव्यातही लागू आहे: एक खुलासा

डिचोली आणि फोंडा परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार गोवा विधानसभेने मंजूर न केल्यामुळे इथे अजून 1995 चाच कायदा चालतो, आणि दाद थेट संयुक्त राष्ट्रांकडे मागावी. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

कराराला देशात कायद्याचे रूप द्यावे लागते, एवढे खरे. परंतु राज्यघटनेच्या अनुच्छेद 253 नुसार अशा करारांच्या अंमलबजावणीसाठी संपूर्ण देशाकरिता कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि भारताने 2007 मध्ये अनुसमर्थन दिलेल्या या करारासाठी संसदेने केलेला 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आहे. त्याच्या उद्देशिकेतच कराराचा उल्लेख असून 1995 चा कायदा त्याने रद्द केला. दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण 3 वरून किमान 4 टक्के झाले.

थॅलेसेमिया किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचे पालक हा संदेश वाचून प्रमाणपत्रासाठी अर्जच करणार नाहीत, याची मला मनापासून काळजी वाटते, कारण हे प्रकार जुन्या कायद्यात नव्हतेच.

वैयक्तिक तक्रारींसाठीचा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही. म्हणून तक्रार राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडेच करावी. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा अवश्य पोहोचवावा.